जाड, तिरकं अक्षर आणि आपला आवाज

(शिरोडा येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या फलक-पोस्टर कार्यशाळेतील भाषणाचा मजकूर)



मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई. चित्रकलेशी माझा संबंध दिवाळीच्या रांगोळीपुरता. त्यामुळे आज मी ‘अक्षरांचा आकार’ या विषयावर बोलणार हे कळल्यावर तुमच्यातल्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी पाहिलं. हसायला हरकत नाही. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. एका चुकीमुळे तो माझ्या गळ्यात पडला. ती चूक आमच्या गटाची, आणि गटातही मुख्यतः माझी. म्हणून आधी तीच सांगते.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याचं सतरावं कलम सांगतं की ज्या घरात बाई नांदली, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न तिथे येत नाही. आपल्याकडे भांडण झालं की पहिलं वाक्य येतं, ‘चालती हो माझ्या घरातून’. तेव्हा हेच कलम घेऊन आपण शिरोड्याच्या आसपासच्या वाड्यांतून पोस्टर लावायचं ठरवलं. मजकूर मी लिहिला. वर मोठ्या अक्षरांत, ‘घर तुझंही आहे’. खाली चार ओळींत कायदा. सगळ्यात खाली महिला हेल्पलाइनचा नंबर, १८१.

छपाईसाठी मी एका डीटीपीवाल्याकडे गेले. मुलगा कामसू, शेजारी बसवून विचारून विचारून करणारा. त्याने वरची ओळ लिहिली आणि म्हणाला, “मॅडम, ह्यां लांबसून दिसाक व्हया ना?” मी म्हटलं, हो. त्याने अक्षर जाड केलं. मग म्हणाला, “जरा जोर येऊक व्हयो,” आणि एक बटण दाबून सगळी अक्षरं उजवीकडे कलवली. ओळ कागदाबाहेर जायला लागली, तेव्हा दोन्ही बाजूंनी दाबून ती अरुंद केली. वर पांढरी कड, मागे काळी सावली. नंबरालाही तोच थाट. पडद्यावर ते इतकं रुबाबदार दिसलं की मीच म्हटलं, “वा, आता कसं ठणकावून सांगितल्यासारखं वाटतं!” आणि छापायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत आम्ही ते पोस्टर पडवीच्या भिंतीला लावलं. गटात पन्नाशीच्या पुढच्या एक काकी आहेत. नव्वदच्या दशकातल्या साक्षरता वर्गात त्या लिहा-वाचायला शिकल्या. दिसेल ते वाचायची त्यांना आवड. औषधाच्या बाटलीपासून एसटीच्या पाटीपर्यंत काही सोडत नाहीत. त्या पुढे आल्या, बोट ठेवून वाचू लागल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, “गो बाय, हयसर ‘धर’ लिवलेलां आसा. काय धरूचां?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग जवळ जाऊन नीट पाहिलं. घ आणि ध यांच्यात फरक असतो तो केवढासा! घ ची शिरोरेघ सलग जाते. ध ला वर एक गाठ असते आणि रेघ तिथे थोडी तुटते. अक्षर फार जाड केलं की आतली पोकळी बुजते, गाठ आणि पोकळी दोन्ही सारखीच काळी दिसतात. त्यात ते कलवलं, त्यात दाबलं. ज्याला वाचनाचा सराव आहे तो अक्षर वाचत नाही, अंदाजाने शब्द ओळखतो. काकी एकेक अक्षर खरंच वाचत होत्या. चूक काकींच्या वाचण्यात नव्हती, आमच्या छापण्यात होती.

इथवर ही गंमतच होती. पण गंमत तिथे संपली नाही. काही दिवसांनी शेजारच्या वाडीतली एक तरुण बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने रात्री घराबाहेर काढलं होतं. पोस्टर तिने पाहिलेलं होतं, नंबर पाठ करून ठेवला होता, फोनही केला होता. मात्र तिने केला ९८९ ला. १ आणि ९ यांच्या गाठी आणि शेपट्या जाड, तिरक्या होऊन एकमेकांसारख्या झाल्या होत्या. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं फोनमधून एका बाईच्याच आवाजात ऐकून तिने फोन ठेवला आणि रात्र शेजारणीच्या पडवीत काढली. सकाळी शेजारणीने तिला आमच्याकडे आणलं. पुढचं सगळं रीतसर झालं, संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्जही झाला. पण ती रात्र माझ्या हिशेबात आहे. कायदा बरोबर होता, मजकूर बरोबर होता, भावना बरोबर होती. अक्षराने घात केला.

तेव्हापासून मी अक्षरांकडे बघायला लागले, जे सापडेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं आज सांगते.

या जाड तिरक्या अक्षराची जात समजून घेऊ. इंग्रजी अक्षरांना छपाईत पूर्वापार बारीक पाय आणि टोकं असत. ती काढून टाकलेलं, साधारण एकसारख्या जाडीचं अक्षर लंडनच्या कॅस्लन टाईप फाउंड्रीच्या नमुन्यात पहिल्यांदा छापलं गेलं, ते १८१६ च्या सुमारास. त्या शतकात कारखाने वाढले, माल वाढला, जाहिराती वाढल्या. पुस्तक हातात घेऊन वाचायचं असतं, जाहिरात रस्त्याने चालताना दिसली पाहिजे. म्हणून अशी ठोसर, बिनपायाची अक्षरं मोठ्या प्रमाणावर निघाली. तिरक्या अक्षराचा उगम मात्र अगदी वेगळा. व्हेनिसमध्ये आल्डस मानुटिअस या प्रकाशकाने १५०१ मध्ये हाताच्या झरझर लिखाणासारखी कलती अक्षरं वापरून लहान आकाराची पुस्तकं छापली. म्हणजे तिरकं अक्षर जन्मलं ते नाजूक, खाजगी वाचनासाठी, आणि जाड अक्षर जन्मलं ते बाजारात ओरडण्यासाठी. दोघांचं लग्न लागलं आणि जाहिरातीला तिचा आवडता आवाज मिळाला: पुढे झुकलेला, घाईत असलेला, ‘आत्ताच या’ म्हणणारा.

आपल्या देवनागरीचा स्वभाव निराळा आहे. आपली अक्षरं ओळीवर उभी राहत नाहीत, शिरोरेघेला लटकतात, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. ती घडली बोरूने. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, म्हणून रेघ कुठे जाड, कुठे बारीक. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले, त्यातही हे बोरूचं वळण सांभाळलेलं होतं. मराठी पुस्तकात एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर जुळारी ठळक टाईप वापरी, आकार बदली किंवा अवतरण चिन्हं घाली. इंग्रजीसारखी शब्द कलवण्याची पद्धत आपल्याकडे मुळात नव्हती. ती आली यंत्रांबरोबर, आणि संगणक आल्यावर तर एका बटणावर आली.

आणि इथेच गोम आहे. बटण दाबल्यावर संगणक नवं अक्षर काढत नाही. उभं अक्षर नुसतं ढकलून कलवतो. काना कलतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन पडते, अनुस्वार कुणाचा ते कळेनासं होतं, रफार आणि मात्रा एकमेकींच्या अंगावर येतात. विचारपूर्वक काढलेली तिरकी देवनागरीही आहे. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टला स्वतंत्रपणे काढलेली तिरकी जोड मिळते. पण ती पुस्तकी मजकुरासाठी. फ्लेक्सवर आपल्याला दिसतं ते जवळपास सगळं ढकललेलं अक्षर.

मग प्रश्न येतो, हे अक्षर इतकं लोकप्रिय का? कारण ते काम करतं, हे मान्य करायला हवं. धावणारा माणूस पुढे झुकतो. वाऱ्याविरुद्ध चालणारा झुकतो. भांडायला आलेलाही झुकतो. पेंटर लोकांनी हे फार आधी ओळखलं. ट्रकच्या मागे, क्रिकेट सामन्यांच्या कापडी फलकांवर चपट्या ब्रशने अक्षर कलवलं की त्याला वेग येतो. पण हातात ब्रश असलेला पेंटर प्रत्येक अक्षर डोळ्यांनी तोलत होता. कलवताना वेलांटी कुठे आणायची, पोकळी किती ठेवायची, हे त्याचा हात ठरवत असे. कमल शेडगे यांनी अनेक दशकं मराठी नाटकांच्या जाहिरातींची शीर्षकं हाताने काढली. नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरवला, आणि तरी नाव वाचता आलं नाही असं झालं नाही. म्हणजे दोष जाड असण्यात नाही, तिरकं असण्यातही नाही. कोणासाठी, किती, कुठे याचा विचार सुटला की दोष येतो.

आता जरा दुसऱ्या बाजूने पाहू. हे ओरडणारं अक्षर आपल्या समाजात कुणाच्या वाट्याला येतं?

इथून सावंतवाडीपर्यंतच्या रस्त्यावरचे फ्लेक्स डोळ्यांसमोर आणा. वाढदिवस, निवड, शुभेच्छा. ‘भाऊ’, ‘दादा’, ‘साहेब’ ही अक्षरं जाड, तिरकी, सोनेरी. बाई त्यात असलीच तर कोपऱ्यात, आणि तिच्या नावाचं अक्षर सरळ, बारीक, मागे नवऱ्याचं नाव लावलेलं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. सरपंच बाई झाली. पण एका गावातल्या उद्घाटनाच्या फलकावर मी पाहिलं, पाहुण्यांची नावं बोटभर जाडीची आणि ज्या सरपंचबाईंच्या काळात ते काम झालं त्यांचं नाव तळाशी, ‘इतर मान्यवर’ या ओळीच्या जरा वर. कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही. विचारलं तर म्हणाले, “जागा नाय उरली.” जागा कुणासाठी आधी धरायची हे मनात ठरलेलं असतं, अक्षर ते फक्त उघडं करतं. घरात जसं पुरुषाने आवाज चढवला तर ‘स्वभाव कडक’ आणि बाईने चढवला तर ‘तोंडाळ’, तसंच हे.

म्हणून काही बायांनी हे ओरडणारं अक्षर जाणूनबुजून आपल्या हातात घेतलं, ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत बार्बरा क्रुगर नावाची कलावंत आहे. तिने आधी बायकांच्या एका चकचकीत मासिकात मांडणीचं काम केलं. बाईला काय नेसावं, कसं दिसावं हे सांगणारी अक्षरं रोज हाताखालून जात. पुढे तिने तीच अक्षरं उलटी फिरवली. तिचं आवडतं अक्षर म्हणजे फ्युचुरा या टाईपचं जाड तिरकं रूप. फ्युचुरा जर्मनीच्या पाउल रेनरने आखला, १९२७ मध्ये बाजारात आला. भूमितीच्या आकारांवर बेतलेला, बिनपायाचा. क्रुगर जुनी काळी-पांढरी छायाचित्रं घेई, त्यावर लाल पट्टी, आणि पट्टीत पांढऱ्या, जाड, तिरक्या अक्षरांत एकच लहान वाक्य. १९८९ च्या एप्रिलमध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनमध्ये बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला, त्यासाठी तिने केलेलं पोस्टर जगभर गेलं. एका बाईचा चेहरा मधोमध उभा दुभागलेला, आणि स्त्रीचं शरीर ही रणभूमी झाली आहे असं बजावणारे मोजके शब्द. जाहिरातीने बाईवर जो आवाज चढवला होता, तोच आवाज तिने जाहिरातीवर आणि सत्तेवर चढवला.

याचा पुढचा अंकही ऐका. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या एका कपड्यांच्या कंपनीने, सुप्रीमने, आपलं बोधचिन्ह नेमकं याच थाटात केलं. लाल चौकट, आत पांढरं जाड तिरकं फ्युचुरा. ते चिन्ह आज महागड्या सदऱ्यांवर मिरवतं. म्हणजे बाजाराकडून घेतलेलं अक्षर बाजाराने परत उचललं. अक्षराला स्वतःची बाजू नसते, मैत्रिणींनो. ते ज्याच्या हाती, त्याचं.

आणि हे अक्षर घडवणारे हात कुणाचे? इथे आपल्या ओळखीची गोष्ट पुन्हा भेटते. विसाव्या शतकात मोनोटाईप आणि लिनोटाईप या मोठ्या टाईप कंपन्यांच्या रेखन विभागांत कितीतरी बायका होत्या. एकेक अक्षर मोठ्या कागदावर अचूक काढणं, वळणं तपासणं, पोकळ्या मोजणं हे त्यांचं काम. टाईपवर नाव मात्र बहुधा पुरुष रेखनकाराचं. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात फियोना रॉस आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी २०१८ पासून या बायकांच्या कामाचा शोध घेतला. रॉस स्वतः ऐंशीच्या दशकात लिनोटाईपमध्ये भारतीय लिप्यांच्या टाईपचं काम पाहत होत्या. शेतात राबणारी बाई सातबाऱ्यावर नसते, तशी ही बाई टाईपच्या नावात नव्हती.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण त्याहून जुनं आहे. पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि ते छापण्याचं काम त्या आश्रमातल्या मुली-बायकांनी केलं. रमाबाई १९२२ साली गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्यांना समाजाने विधवा, अनाथ, दुष्काळग्रस्त म्हणून बाजूला टाकलं होतं, त्या हातांनी मराठीचे खिळे जुळवले. आज मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेत नूपुर दाते यांच्यासारखी स्त्री भारतीय लिप्यांची अक्षरं घडवते आहे. त्याच संस्थेचा ‘मुक्ता’ नावाचा देवनागरी फॉन्ट आहे. साधा, मोकळा, एकसारख्या जाडीचा. बारीक ते अतिजाड अशा सात जाडींत मिळतो, आणि कुणालाही फुकट वापरता येतो. आमचं दुसरं पोस्टर आम्ही त्याच फॉन्टमध्ये केलं. त्याबद्दल पुढे सांगते.

त्याआधी वर्तमानपत्रांबद्दल दोन शब्द. बाईवरच्या अत्याचाराची बातमी असली की मथळ्याचं अक्षर हमखास जाड होतं, कलतं, पुढे उद्गारचिन्ह येतं. ‘विवाहितेची उडी’, ‘प्रेमप्रकरणातून...’ वगैरे. अक्षराच्या चढ्या आवाजात प्रसंगाचा तमाशा होतो आणि माणूस हरवतो. पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. त्या खटल्यात तिने माहेरच्या माणसांना आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुरावा म्हणून पुढे आली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पतीची निर्दोष मुक्तता केली. तिच्या मृत्यूनंतर नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन काढलं. त्या नावातच सगळं आलं. ‘विवाहिता’ नाही, ‘अबला’ नाही. मी, आणि माझं नाव. मथळा दुरून बोट दाखवतो, ‘ती’ म्हणतो. पोस्टरने ‘मी’ म्हटलं. मोठ्याने बोलायचं की नाही यापेक्षा कोणाच्या वतीने बोलायचं हा प्रश्न मोठा, हे मला त्या तीन शब्दांनी शिकवलं.

आता कायद्याकडे येते, कारण आपल्या रोजच्या कामात अक्षराचा प्रश्न तिथे सर्वांत जास्त बोचतो.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात मालकाचं कर्तव्य सांगितलं आहे. छळ केल्यास काय परिणाम होतील ते, आणि अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश, कामाच्या जागी सहज नजरेत भरेल अशा ठिकाणी लावायचा. आपल्या तालुक्यात काजूच्या कारखान्यांत किती बायका काम करतात हे मी सांगायला नको. अशा एका कारखान्यात मी गेले. आदेश लावलेला होता. वर ‘लैंगिक छळास प्रतिबंध’ ही ओळ लाल, जाड, तिरकी, दारातून दिसणारी. आणि समितीतल्या बाईंचं नाव, तक्रार कुठे द्यायची, किती दिवसांत द्यायची, हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत. काजू सोलणाऱ्या दहा जणींना मी विचारलं, कागदावर काय आहे? आठ जणी म्हणाल्या, “छळ करू नये असां लिवलां हा.” तक्रार कुणाकडे करायची हे एकीलाही सांगता आलं नाही. कायदा पाळला गेला. बाईपर्यंत पोचला नाही.

कायद्याने जागा सांगितली, अक्षर सांगितलं नाही. आणि सरकारला अक्षर सांगता येत नाही असं नाही. सिगारेटच्या पाकिटावरचा धोक्याचा इशारा २०१६ च्या एप्रिलपासून पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापतो. पाकीटबंद मालावर वजनाचे आणि किमतीचे आकडे किमान किती उंचीचे हवेत हे नियमात मिलिमीटरमध्ये ठरलेलं आहे. बिस्किटाच्या पुड्यावरच्या आकड्याला जे संरक्षण आहे, ते बाईच्या तक्रारीच्या पत्त्याला नाही. हिंसाचाराच्या कायद्याचं अकरावं कलम सरकारला सांगतं की या कायद्याची माध्यमांतून व्यापक प्रसिद्धी करा. तिथेही प्रसिद्धी म्हणजे ‘छापलं’ एवढंच धरलं जातं. ‘वाचता आलं’ हे कुणी तपासत नाही. माझी सूचना आहे की आपण पुढच्या निवेदनात ही मागणी घालू या. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर शीर्षकाएवढ्याच मोठ्या, सरळ अक्षरांत हवेत, आणि कामगार बायकांच्या भाषेत हवेत. मागणी लहान वाटते. पण लहान अक्षरांमुळेच तर अडतं.

आता आपल्या हातात काय आहे? हे गाव मिठागरांचं. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला, तो मिठावर सगळ्यांचा हक्क सांगायला. म्हणून मिठाचाच दाखला देते. जाड तिरकं अक्षर मिठासारखं आहे. अजिबात नसेल तर पोस्टर अळणी, कुणी थांबून बघणार नाही. पण मीठ ताटात चिमूटभर असतं. भात मिठाचा कुणी करत नाही. एका पोस्टरवर फार तर एक शब्द असा ठेवावा, हाक मारण्यापुरता. कायदा, पत्ता, तारीख, वेळ, नंबर हा आपला भात. तो सरळ, मोकळ्या, मध्यम जाडीच्या अक्षरांत.

अनुभवातून आलेल्या आणखी चार गोष्टी सांगते.

संगणकावर अक्षर दोन्ही बाजूंनी दाबायला देऊ नका. ओळ मावत नसेल तर शब्द कमी करा. आपली घोषणा मावत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा ती लांब झालेली असते.

घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ख आणि ‘रव’ या जोड्या छापण्याआधी बोट ठेवून तपासा. ब च्या पोटातली रेघ बुजली की ‘बाई’ची ‘वाई’ होते.

फोन नंबर कधीही कलवू नका, सावली देऊ नका, आकड्यांमध्ये जागा सोडा. बहुतेकींच्या मोबाइलवर इंग्रजी आकडे असतात, म्हणून नंबर दोन्ही आकड्यांत लिहा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, छापण्याआधी नमुना वाचायला द्या, पण आपल्यापैकी शिकलेलीला नको. नुकती वाचायला लागलेली, चष्म्याचा नंबर वाढलेली, अशा बाईला द्या. तिला ‘कसं दिसतं?’ असं विचारू नका. ती तुमचं मन राखायला ‘छान’ म्हणेल. तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि गप्प बसा. ती जिथे अडखळेल तिथे आपलं काम बाकी आहे असं समजा. ब्रिटनमधल्या डिस्लेक्सिया असोसिएशनची मार्गदर्शिकासुद्धा तिरकी अक्षरं टाळा असंच सांगते, कारण वाचायला अडचण असणाऱ्यांना त्यात शब्द एकमेकांत घुसल्यासारखे दिसतात. आपल्या काकींनी ते पडवीत उभं राहून एका वाक्यात सांगितलं होतं.

आमच्या दुसऱ्या पोस्टरचं सांगायचं राहिलं. पहिली पोस्टरं आम्ही सगळ्या वाड्यांतून उतरवून आणली. फाडताना जिवावर आलं, वर्गणीचे पैसे होते. मग बैठक घेतली, यावेळी गटातल्या सगळ्या जणी. नवं पोस्टर कसं हवं? कुणी म्हणालं, नंबर सगळ्यात मोठा करा. कुणी म्हणालं, घराचं चित्र काढा, दारात बाई उभी, बाहेर जाणारी नको, आत उभी असलेली. आणि काकी म्हणाल्या, “माजो ‘धर’ पण ऱ्हवांदे. माका तो बरो वाटलो. घर तुजां आसा, तर धर.”

ते तसंच केलं. वर सरळ, मोकळ्या अक्षरांत, ‘घर तुझंही आहे.’ नंबर हातभर उंचीचा, सरळ. आणि मधोमध एकच शब्द, जाड आणि तिरका, पुढे झुकलेला: ‘धर!’ तो संगणकाने ढकललेला नाही. आमच्यातल्या एकीच्या मुलीने, जी चित्रकलेच्या परीक्षांना बसते, तिने ब्रशने काढला. ध ची गाठ आणि वरची तुटलेली रेघ इतकी स्पष्ट ठेवली की कुणालाही तो घ वाटणार नाही. पोस्टर लागण्याआधी सात जणींनी ते मोठ्याने वाचलं. सातही जणींनी बरोबर वाचलं.

दुपारी आपण प्रत्यक्ष कामाला बसणार आहोत. ब्रश, रंग, कागद, आणि एक संगणकही आहे. तुमच्या मनातली घोषणा ठरवा आणि त्यातला ओरडण्याजोगा एकच शब्द निवडा. तो निवडताना भांडण होईल, होऊ दे. आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे हे त्या भांडणातूनच कळतं. बाकीचे शब्द शांतपणे, सरळ उभे राहून बोलू देत. आणि काकी आज आपल्यात आल्या आहेत, त्या तिथे खांबाजवळ बसल्या आहेत. त्यांनी वाचून दाखवल्याशिवाय आज एकही पोस्टर या सभागृहाबाहेर जाणार नाही.